निरीक्षणगृहातून परतलेल्या मुलाच्या मार्गदर्शनाबाबत मदत हवी आहे

नमस्कार. मोबाइल चोरीच्या प्रकरणात पंधराव्या वर्षी निरीक्षणगृहात राहून आलेल्या एका मुलाला मी गेले सहा महिने दर रविवारी भेटतो. सुरुवातीला तो खाली बघून नुसती मान हलवायचा. आता मात्र गॅरेजमध्ये शिकलेले काम, हाताचे काळे वंगण चिंधीला पुसत, मला तासभर समजावून सांगतो. तरीही आयटीआयचा अर्ज भरायचे नाव काढले की तो गप्प होतो, कारण जुने प्रकरण कोणीतरी उकरून काढील अशी धास्ती त्याच्या मनात आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ नुसार अशा प्रकरणामुळे त्याला अपात्र ठरवता येत नाही, हे मी सांगून पाहिले. पण कायद्याने भीती जात नाही. अशा मुलांसोबत काम केलेल्यांनी त्याला कसे तयार करावे, हे कृपया सांगावे.