स्टीअरिंग वळवलं की पुढच्या डाव्या चाकातून ‘टण्ण’ आवाज

डावं_चाक
पुढची चाकं ओढणारी हॅचबॅक, ९२,००० किमी. गाडी उभी असताना किंवा पार्किंगमध्ये हळू वळवताना डावीकडून आधी करकर आणि मग एकदम ‘टण्ण’, ताणलेली तार सुटावी तसा आवाज येतो. सरळ रस्त्यावर वेगात काहीच नाही. छोट्या खड्ड्यात क्वचित ‘खट्’. दोन्ही लिंक रॉड (गाडीचं कलणं रोखणाऱ्या अँटी-रोल बारला सस्पेन्शनशी जोडणाऱ्या छोट्या दांड्या) बदलून झाले, आवाज तसाच. आता लोअर आर्म (चाकाला खालून बॉडीशी जोडणारा दांडा) बदलायला सांगितलाय. त्याआधी नेमकं काय तपासू?

टॉर्कपाना
आर्मला अजून हात लावू नका. उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवल्यावर येणारा ‘टण्ण’ बहुतेक वेळा स्ट्रटच्या (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेल्या उभ्या भागाच्या) वरच्या माउंटिंगमधल्या बेअरिंगचा असतो. चाक वळतं तेव्हा शॉकअप आणि स्प्रिंग दोन्ही त्याच्याबरोबर फिरतात, माउंटिंग मात्र बॉडीला पक्कं असतं. फिरण्याची सोय मधल्या बेअरिंगमुळे. त्यात पाणी, धूळ जाऊन ते अडलं की स्प्रिंगचं खालचं टोक वळतं आणि वरचं अडून राहतं. पीळ साठत जातो आणि एका क्षणी स्प्रिंग झटक्यात सुटते.

तपासणी फुकट आहे. गाडी सपाट जागी, चारही चाकं टेकलेली, हँडब्रेक ओढलेला. एकाला स्टीअरिंग या लॉकपासून त्या लॉकपर्यंत (एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत) सावकाश फिरवायला सांगा. तुम्ही चाकाच्या कमानीतून बोटांची टोकं स्प्रिंगच्या बाहेरच्या अंगाला नुसती टेकवा. वेढ्यांच्या मधे बोट घालू नका. बेअरिंग चांगलं असेल तर स्प्रिंग बोटाखालून सलग सरकते. अडलेलं असेल तर ती थबकते आणि मग उडी मारते. उडी आणि आवाज एकाच क्षणी आले की शंका उरत नाही. वळणानंतर स्टीअरिंग आपणहून सरळ येत नसेल तर तीही याचीच खूण.

खालून_बघा
सहमत, पण टॉर्च घेऊन स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढाही बघा. शेवटचा तुकडा बशीत (स्प्रिंगचं टोक जिच्यात बसतं तिच्यात) दडलेला असतो आणि मोडला तरी गाडी फारशी खचत नाही. आवाज मात्र अगदी असाच येतो.

‘खट्’ वेगळं असू शकतं. पुढची बाजू स्टँडवर घेऊन, चाकं लोंबकळत ठेवून, चाक ३ आणि ९ वर धरून हलवा: प्ले (ढिलेपणा) लागला तर टाय रॉड एंड किंवा रॅक, म्हणजे स्टीअरिंगचे चाक वळवणारे भाग. १२ आणि ६ वर लागला तर बॉल जॉइंट (लोअर आर्मच्या टोकाचा फिरता सांधा) किंवा व्हील बेअरिंग. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. तेव्हा प्ले नाहीसा झाला तर व्हील बेअरिंग. लिंक रॉड तपासताना दोन्ही चाकं एकाच उंचीवर हवीत. एकच बाजू उचलली तर अँटी-रोल बार ताणलेला राहतो आणि ढिला जॉइंटही घट्ट वाटतो.

फुल लॉकवर हळू ॲक्सिलरेटर देताना वेगाबरोबर वाढणारी कटकट आली असती तर सीव्ही जॉइंट (चाकाला ताकद पोचवणाऱ्या ॲक्सलचा सांधा) म्हटलं असतं. तुमचा आवाज गाडी उभी असतानाही येतो, म्हणजे तो नाही.

डावं_चाक
डावी स्प्रिंग बोटाखाली स्पष्ट उडते, प्रत्येक वेळी टण्णबरोबरच. उजवी सलग फिरते. खालचा वेढा शाबूत, चाकांत प्ले नाही. काम घरी करता येईल?

टॉर्कपाना
चांगला स्प्रिंग कॉम्प्रेसर असेल तरच. माउंटिंगच्या मधला मोठा नट दाबलेल्या स्प्रिंगला धरून ठेवतो. स्प्रिंग आवळल्याशिवाय तो ढिला केला तर सगळा भाग गोळीसारखा सुटतो, जीवही जाऊ शकतो. गाडीवर असताना तर त्याला हातच लावायचा नाही, सोडायचे ते बॉडीवरचे बाजूचे नट.

गाडी दोन स्टँडवर घ्या. ब्रेकचा पाइप, एबीएसची वायर आणि लिंक रॉड स्ट्रटपासून सोडवा. खालचे दोन बोल्ट काढण्याआधी त्यांची जागा रंगाने आखून ठेवा. अनेक गाड्यांत कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) तिथेच बदलतो. नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) तारेने बांधा, नाहीतर तो बाहेर कलतो आणि ॲक्सल आतल्या जॉइंटमधून निसटतो. मग वरचे नट काढून स्ट्रट बाहेर घ्या. कॉम्प्रेसरचे दोन स्क्रू समोरासमोर लावून आळीपाळीने थोडे थोडे आवळा. स्प्रिंग बशीत हाताने हलू लागली की मगच मधला नट.

बेअरिंग हातावर फिरवा: खरखर, गंजाचं पाणी, अडकणं दिसेलच. माउंटिंगचं रबर चिरलं असेल तर तेही बदला, ‘खट्’चं उत्तर बहुधा तिथेच आहे. बसवताना बेअरिंग उलटं लागत नाही ना ते पाहा, आणि स्प्रिंगचं टोक बशीच्या खाचेला टेकलेलं हवं. मधला नट नवा घ्या. रॉड ॲलन कीने धरून तो हाताने आवळा, इम्पॅक्ट गनने रॉड फिरून शॉकअपचं सील खराब होतं. टॉर्क (आवळण्याचा जोर) मॅन्युअलमधला.

उजवीकडचं बेअरिंगही आत्ताच बदला, त्याचं वय तेवढंच आहे.

खालून_बघा
शेवटी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घ्या, आखलेल्या खुणा जुळल्या तरीही. आणि कधी आर्म बदललाच तर बुशचे (आर्मच्या सांध्यातल्या रबराचे) बोल्ट गाडी चाकांवर उतरवूनच पक्के करा. लोंबकळत्या आर्मवर आवळले तर बुश कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.