पतंगाचा गेम अर्ध्यात अडकलाय, नोकरी करून रोज बसायचा मूड कसा टिकवता?

पेच_कापू:
मंडळी, मी बडोद्यात मकरपुऱ्याला नोकरी करतो आणि संध्याकाळी घरी येऊन गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये उत्तरायणाचा पतंगांचा गेम बनवतोय. पेच लावायचा, ढील द्यायची की खेच मारायची ते ठरवायचं, समोरच्याचा मांजा कापायचा, एवढीच आयडिया. सुरुवातीला नुसता जोर होता, मग वाटलं ऑनलाइन मल्टिप्लेअर पाहिजे, पतंगांचं दुकान पाहिजे, रावपुऱ्यापासून मांडवीपर्यंत सगळा नकाशा पाहिजे, आणि आता लॅपटॉप उघडतो, मेन्यूच्या बटणांचा रंग बदलतो आणि बंद करतो. ट्युटोरियल बघण्यात रात्री जातात त्या वेगळ्याच. मांजा पण धड होत नाहीये, गोडोतले रिजिड बॉडीचे (कडक वस्तूंचे) तुकडे पिन जॉइंटने, म्हणजे खिळीसारख्या सांध्याने, जोडलेत तर खेच मारली की रबरासारखा ताणतो आणि थरथरतो. घरचे विचारतात यातून मिळतं काय, त्यांना काय सांगू? स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम एकट्याने केला ना त्या माणसाने, मग आपलंच का गाडं अडतं?

दांडियाबाजार_डेव्ह:
भाऊ, स्टारड्यू आधी डोक्यातून काढ. एरिक बॅरोनने एकट्यानेच केला हे खरं, २०१६ ला आला, पण त्याच्या आधी चारेक वर्षं तो जवळपास पूर्णवेळ तेच करत होता, जोडीला थिएटरात पार्टटाइम काम. तू दिवसभर कंपनीत राबून रात्री बसतोस, तुलना कशाला?

आणि तुझा मूडबिड काही गेलेला नाही असं माझं मत. मांजा अडलाय, त्याच्याकडे बघवत नाही म्हणून तू बटणं रंगवत बसतोस. ते पिन जॉइंट काढून टाक. मांजा म्हणजे बिंदूंची एक साधी यादी ठेव, व्हर्ले पद्धत शोध: प्रत्येक बिंदूची आत्ताची जागा आणि मागच्या फ्रेमची जागा यातला फरक म्हणजेच त्याचा वेग, वेगळा ठेवावा लागत नाही. मग शेजारच्या दोन बिंदूंमधलं अंतर ठरलेल्या लांबीवर आणायचं, हेच एका फ्रेममध्ये पाच-दहा वेळा फिरवायचं, जितकं जास्त फिरवशील तितका मांजा ताठ. वर गोडोच्या लाइन२डी ने रेघ ओढ, झालं. दोन मांजे एकमेकांना छेदतात का ते बघायला गोडो ४ मध्ये जॉमेट्री२डी मध्ये फंक्शन तयार आहे.

मल्टिप्लेअर, दुकान, नकाशा, सगळं उडव. एक अगाशी (गच्ची), दोन पतंग, एक पेच. समोरचा पतंग कॉम्प्युटर उडवेल.

निशाचर_अलकापुरी:
वरच्यांशी सहमत, पण रोज बसायचंच ही कल्पना मला पटत नाही बाबा. माझी मुलगी कधी नऊला झोपते, कधी अकरा वाजले तरी जागीच, मग मी आठवड्यात एखादा दिवस धरते आणि बाकीचे सोडून देते. उपयोग होतो तो एका सवयीचा, बंद करायच्या आधी कोडमध्येच वर एक ओळ लिहून ठेवते, "ढील दिली की पतंग उलटा फिरतो, आधी अधिक-उणे चिन्ह तपास" असली. मग पुढच्या वेळी कुठून सुरू करू यात अर्धा तास जात नाही. "गेम पुढे नेणे" असलं लिहिलंस तर काही उपयोग नाही हं.

गेमचा पसारा आवरत नसेल तर एखादी जॅम कर, म्हणजे ठरलेल्या वेळात गेम बनवायची स्पर्धा. लुडम डेअर २००२ पासून चालू आहे, त्याच्या एकट्याने करायच्या प्रकारात ४८ तासच मिळतात, दुकानाचा विचारच सुचत नाही. आणि नवरात्रात काही होणार नाही हे आत्ताच धरून चाल, गरब्याहून पहाटे येऊन कोण कोड लिहितंय!

सेवउसळ_जास्त_तर्री:
गेम प्ले स्टोअरवर टाकायच्या मागे लगेच लागू नको. अकाउंटचे २५ डॉलर तर आहेतच, वर नवीन पर्सनल अकाउंट असेल तर गेम तपासून बघणारे १२ टेस्टर सलग १४ दिवस जमवावे लागतात, तिथेच माणूस वैतागतो. इच.आयओ या गेम टाकायच्या साइटवर वेब बिल्ड (ब्राउझरमध्ये चालणारा गेम) फुकट टाक, लिंक सोसायटीच्या ग्रुपवर दे. आमच्या इथली पोरं पाच मिनिटांत सांगतात की हे बोअर आहे, तोंडावर. घरच्यांना पण खेळायला दे की, यातून मिळतं काय ते नंतर विचारतील.

पेच_कापू:
व्हर्ले लावला, मांजा थरथरायचा थांबला राव! मेन्यूला हात नाही लावलेला. आता ढील देताना लांबी वाढवायची कशी, दोन बिंदूंमधलं अंतर वाढवू की नवे बिंदू घालू? अंतर वाढवलं तर वळण कोनाकोनाचं दिसतंय.

दांडियाबाजार_डेव्ह:
नवे बिंदू, फिरकीच्या टोकाला. खेचताना तिथूनच काढायचे. नव्या बिंदूची मागच्या फ्रेमची जागा पण आत्ताच्या जागेइतकीच ठेव, नाहीतर तो झटका मारेल.