आजोबांना गाडीचा धक्का लागला, ते "काही झालं नाही" म्हणाले. तरी पोलिसांत कळवायचं का?

शाहूपुरीची_मुक्ता

काल संध्याकाळी सातच्या सुमारास राजारामपुरीतून ॲक्टिव्हावर घरी चालले होते. रस्त्याकडेला टेम्पो उभा होता, त्याच्या पुढून एक आजोबा दुधाची पिशवी घेऊन एकदम रस्त्यावर आले. गर्दीमुळे वेग फार नव्हता, ब्रेकही दाबला, पण हँडल त्यांच्या कोपराला लागलं आणि ते कुशीवर पडले. वय पंचाहत्तरीच्या पुढचं असावं.

गाडी तिथंच लावून त्यांना उठवलं. समोरच्या मेडिकलवाल्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, खरचटलेलं कोपर पुसून मलम लावलं. थोड्या वेळानं आजोबा उठले आणि म्हणाले, "काही झालं नाही बाळ, जा तू, घरी वाट बघत असतील." डॉक्टरकडे चला म्हणून मी मागे लागले, पण ते तयारच होईनात. मग त्यांच्याबरोबर चालत घरापर्यंत गेले. मागच्याच गल्लीत घर आहे. सूनबाई होत्या, त्यांना माझं नाव आणि नंबर लिहून दिला. पैसे देऊ केले तर त्यांनी साफ नको म्हटलं.

आता बाबा म्हणतात, पोलीस ठाण्याची पायरी चढू नकोस, जन्मभर खेटे घालावे लागतील. ऑफिसमधले एकजण म्हणतात, कळवावंच लागतं. आजोबांची तक्रार नसताना मी आपणहून जायचं? आणि आज पुन्हा त्यांच्या घरी गेले तर घाबरून सारवासारव करायला आले असं वाटेल का? रात्रभर डोळ्याला डोळा नाही. गाडी बाबांच्या नावावर आहे, लायसन्स आणि विमा दोन्ही चालू आहे.

रंकाळा_७७

आजोबा चालत घरी गेले, तुम्ही नंबर दिलात, विषय संपला. मिटलेलं उकरून काढू नका. एकदा कागदावर नाव चढलं की सुटका नाही.

कॅज्युअल्टीतली_सिस्टर

मुक्ताताई, पोलिसांचं नंतर बघा. आधी आजोबांकडे जा, आत्ताच जा. माझी सगळी नोकरी अपघात विभागात गेली आहे, म्हणून जीव तोडून सांगते. म्हाताऱ्या माणसाच्या "काही झालं नाही"वर कधी विसंबायचं नाही. ते खोटं बोलत नाहीत. पण मुलगा रागावेल, उद्यापासून एकट्याला दूध आणायलाही सोडणार नाहीत, ही धास्ती दुखण्यापेक्षा मोठी असते. पडल्यापडल्या अंगात इतकी धडधड असते की दुखणं नीट कळतही नाही.

चालता येतंय म्हणजे हाड मोडलं नाही, हेही खरं नाही. खुब्याचं हाड मोडून एकमेकांत रुतून बसलं तर माणूस लंगडत का होईना, घरी जातो. सकाळी बिछान्यातून उठायला गेला की पाय उचलत नाही. आम्ही कॉटवर उताणं झोपवून दोन्ही टाचा शेजारी शेजारी ठेवून बघतो. एक पाय आखूड दिसला, पंजा बाहेरच्या बाजूला पडलेला दिसला, की एक्स-रे निघायच्या आधीच अंदाज येतो. पण रुतलेल्या हाडात हेसुद्धा दिसेलच असं नाही, म्हणून जांघेत दुखतंय का ते विचारायचं आणि एक्स-रे काढायचाच. कुशीवर पडताना माणूस हात टेकतो, तेव्हा मनगटही बघायला सांगा. मनगट सुजलं तरी घरात "मुरगळलंय" म्हणून हळद लावून ठेवतात.

डोकं आपटलं होतं का, हे सूनबाईंना विचारा. आणि गोळ्यांची पाकिटं प्रत्यक्ष बघायला मागा. "हृदयाची गोळी" एवढंच सांगतील. ती रक्त पातळ करणारी आहे का, ते नावावरून कळतं: इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन. अशी गोळी चालू असेल आणि डोक्याला मार असेल तर थांबायचंच नाही. उतारवयात डोक्यातला रक्तस्राव इतका सावकाश होतो की कधीकधी दोन-तीन आठवड्यांनी माणूस असंबद्ध बोलायला लागतो, चालताना झोक जातो, आणि घरच्यांना वाटतं वय झालं. उलटी, सारखी झोप, एका हातातली ताकद कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा. खरचटलंय तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही डॉक्टरांना विचारा.

दवाखान्यात "घरात पाय घसरला" असं कुणालाही सांगू देऊ नका. पोलीस केस नको म्हणून बरेच लोक तसं सांगतात. गाडीचा धक्का म्हटलं की डॉक्टर वेगळ्या नजरेनं तपासतात. घसरून पडल्याची नोंद झाली, तर पुढे विम्याकडून काही मिळायची वेळ आली की तोच कागद आडवा येतो.

सूर्यास्त_पन्हाळा

मी दुसऱ्या बाजूचा. माझ्या वडिलांना एका मोटारसायकलनं ढकललं आणि तो गडी थांबलाच नाही. डॉक्टर विचारत होते, कसे पडले, कुठल्या बाजूवर, डोकं कशावर आपटलं? वडिलांना आठवेना आणि बघितलेला कुणी सापडेना. ताई, आजोबा कसे पडले हे नीट सांगू शकणाऱ्या तुम्हीच आहात. तुम्ही दारात गेलात तर त्या घराला आधारच वाटेल. सारवासारव वगैरे मनात आणू नका.

बावडा_वकील

सिस्टरांनी सांगितलंय ते आधी करा. आता कायद्याचं. घड्याळाकडे बघा, आज संध्याकाळी सातला चोवीस तास होतात.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १३४. कुणाला दुखापत झाली तर चालकानं उपचारासाठी न्यायचं. जखमीनं स्वतः नको म्हटलं तर त्याला सूट आहे. पण पोलिसांना कळवण्याला ती सूट नाही. जागेवर पोलीस नसतील तर जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, आणि काही झालं तरी २४ तासांच्या आत कळवायचं. दवाखान्यात का नेलं नाही तेही त्यात सांगायचं. समोरच्याची तक्रार असो वा नसो. न कळवणं हा कलम १८७ खाली स्वतंत्र गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

रंकाळा_७७ यांचा सल्ला प्रेमापोटी आहे, पण मी न्यायालयात याचं उलटं टोक बघतो. आठ दिवसांनी एक्स-रेत हाड मोडलेलं निघतं, घरचे तक्रार देतात, आणि थांबून पाणी पाजलेला माणूस कागदावर पळून गेलेला दिसतो. आपणहून दिलेला अर्ज हाच तुमचा पुरावा. दोन प्रती करा, वेळ, जागा, टेम्पो, आजोबांचा नकार, सगळं साध्या शब्दांत लिहा, एका प्रतीवर तारीख-वेळेसह पोच घ्या. "माझीच चूक" किंवा "त्यांचीच चूक" असं काही लिहू नका, घडलं ते लिहा. मेडिकलच्या दुकानाला कॅमेरा असेल तर चित्रीकरण ठेवायला आजच सांगा, त्यावर पुढचं चढत जातं.

विमा कंपनीलाही लेखी कळवायचं असतं, तेही कलम १३४ मध्येच आहे. डॉक्टरची फी, रिक्षाभाडं माणुसकीनं द्या, पावत्या ठेवा. पण "सगळी भरपाई मी देते" असं स्टॅम्प पेपरवर लिहून देऊ नका. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही, अशी अट पॉलिसीत असते.

शाहूपुरीची_मुक्ता

सगळ्यांचे आभार. दुपारी आईला घेऊन गेले. आजोबा खुर्चीत बसले होते, डावा हात मांडीवर ठेवलेला, मनगट चांगलंच सुजलेलं. सूनबाईंनी रात्री शेकलं होतं. डोकं आपटलं नव्हतं, पण इकोस्प्रिन चालू आहे. मुलगा आधी तडकला, मग आमच्याबरोबरच दवाखान्यात आला. खुब्याचा एक्स-रे चांगला आहे, मनगटाचं हाड मात्र मोडलंय. प्लास्टर घातलं. तिथं गाडीचा धक्का असंच सांगितलं, त्यांनी पोलिसांना कळवलं. साडेपाचला ठाण्यात अर्ज दिला, पोच मिळाली. कॅमेऱ्यात टेम्पो आणि आजोबा दोन्ही दिसतात. आता मोडलेल्या हाडामुळे काही बदलतं का? विम्याचं पत्र मी लिहायचं की बाबांनी?

बावडा_वकील

बदलतं. हाड मोडलं की भारतीय न्याय संहितेत ती गंभीर दुखापत होते. निष्काळजीपणा ठरला तर कलम १२५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण हा गुन्हा जामीनपात्र आहे, आणि निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो, म्हणून ते चित्रीकरण जपा. जबाबाला बोलावलं तर लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी घेऊन जा. गाडी तपासणीसाठी ठेवून घेतली तर घाबरू नका, ती रीतसर सोडवून मिळते.

पत्र पॉलिसी ज्यांच्या नावावर, त्या बाबांच्या सहीनं जाऊ दे. पॉलिसी क्रमांक आणि मुदत, अपघाताची तारीख, वेळ, जागा, जखमीचा तपशील, चालक म्हणून तुमचं नाव आणि लायसन्सचा तपशील, एवढं हवंच. आजोबांच्या मुलाला पॉलिसीची प्रत द्या. भरपाईचा दावा त्यांनी करायचं ठरवलं तर तो हक्क त्यांचा आहे, आणि तृतीय पक्ष विमा त्यासाठीच असतो.

कॅज्युअल्टीतली_सिस्टर

सूनबाईंना सांगा, पहिले दोन-तीन दिवस हात उशीवर उंच ठेवायचा आणि बोटं सारखी हलवत राहायची. बोटं निळसर किंवा गार पडली, मुंग्या आल्या, किंवा प्लास्टर आवळतंय म्हणून रात्री झोप येईना, तर सकाळची वाट न बघता तिथंच परत न्यायचं.