दोघांच्या सुट्ट्या जुळत नाहीत: दापोली-गुहागर कसं बसवावं, आणि परतल्यावर घराचं काय?

दोन_चाव्या यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. आम्ही दोघंच, मुक्काम कोथरूड. माझी सुट्टी शनिवार-रविवार, नवऱ्याची आठवडी सुट्टी सोमवारी. डिसेंबरच्या मध्यावर दापोली आणि जमलं तर गुहागर करायचं आहे. गाडी स्वतःची, साधी पेट्रोल हॅचबॅक. रजा दोघांनाही कमीत कमी टाकायची आहे आणि एकाला जास्त, एकाला कमी असं व्हायला नको. रस्ता कुठला, किती रात्री, समुद्रावर कधी जावं हे सांगाच. पण खरी कटकट परतल्यावर असते: फ्रीजमध्ये काही नाही, वाळूच्या कपड्यांचा ढीग, दुसऱ्या दिवशी दोन डबे. मग सहलीची मजा तिथेच संपते. त्यावर काही करता येईल का?

---

ताम्हिणी_उतार:

शनिवारी निघू नका. रविवारी पहाटे निघा.

हिशोब असा. रविवार-सोमवार-मंगळवार गेलात तर तुमच्या दोन रजा पडतात (सोमवार, मंगळवार) आणि त्यांच्याही दोनच (रविवार, मंगळवार). बरोबरी झाली. शिवाय रविवारी दुपारी अख्खं पुणे-मुंबई कोकणातून वर चढत असतं आणि तुम्ही त्याच्या उलट दिशेने उतरता. रविवारची रात्र धरली तर खोलीचा दरही बहुतेक ठिकाणी शनिवारपेक्षा कमी सांगतात. विचारताना "रविवार-सोमवार दोन रात्री" असं स्पष्ट म्हणा, नाहीतर फोनवर वीकएंडचाच दर ऐकवला जातो.

रस्ता: चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशी, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव. तिथून मुंबई-गोवा महामार्गाने महाड, पोलादपूर, कशेडीचा बोगदा, आणि खेडच्या भरणे नाक्यावरून दापोलीकडे उजवीकडे. अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. पहाटे ६ ला निघालात तर माणगावात नाश्ता आणि साडेबारापर्यंत दापोली. नकाशा तुम्हाला आंबेत-मंडणगड मार्गे पाठवायला बघेल, कारण अंतर कमी दिसतं. तो रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे. वेळ वाचत नाही, आणि बाजूला बसलेल्या माणसाचं पोट मात्र ढवळतं.

ताम्हिणी अंधारात उतरू नका. मुळशीच्या पुढे बराच पट्टा निर्मनुष्य आहे, फोनला रेंज नसते आणि पंक्चर झालं तर मदतीला कोणी सापडत नाही. निघण्याआधी स्टेपनीतली हवा तपासा. चार चाकांत हवा भरताना पाचवं सगळेच विसरतात. उतारावर दुसरा गिअर ठेवा आणि ब्रेकवर पाय ठेवून गाडी सोडू नका. ब्रेक तापून करपट वास आला तर बाजूला घेऊन १५-२० मिनिटं थांबा, चाकांवर पाणी मारू नका.

गाडी लागण्याची गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्यायची. तिने झोप येते, म्हणून चालवणाऱ्याने घ्यायची नाही. आलटून पालटून चालवणार असाल तर घाटात कोण चालवणार ते गोळी घेण्याआधी ठरवा.

दोनच रात्री असतील तर गुहागर सोडा. एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामावर जायचं म्हणजे सामान भरा, खोली सोडा, नवी खोली मिळेपर्यंत थांबा. अर्धा दिवस गेला. तिसरी रात्र मिळाली तरच गुहागर, आणि मग परत येताना चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावरून कुंभार्ली घाट, कोयनानगर, पाटण, उंब्रज, सातारा. हा परतीचा रस्ता पावणेतीनशे किलोमीटरच्या पुढे जातो, सहा-सात तास धरा.

---

धोपाव्याची_जेट्टी:

वरच्या प्रतिसादाशी सहमत, फक्त गुहागर इतकं लांब नाही. दापोलीहून खेड-चिपळूण फिरून गेलात तर शंभराच्या वर किलोमीटर होतात. दाभोळ-धोपावे फेरीबोटीने गाडी पलीकडे नेलीत तर निम्म्याहूनही कमी. खाडी ओलांडायला जेमतेम १०-१५ मिनिटं. गाडी बोटीत लावली की हँडब्रेक ओढायचा, पहिला गिअर टाकून ठेवायचा आणि खाली उतरून उभं राहायचं. दाभोळ बाजूचा शेवटचा उतार तीव्र आणि चिंचोळा आहे, समोरून एसटी आली तर मागे घ्यावं लागतं. रात्रीच्या शेवटच्या फेरीवर विसंबू नका, उजेडातच पलीकडे व्हा.

आता समुद्र. मुक्काम मुरुड किंवा कर्दे इथे घ्या, दापोली शहरात नको. शहर डोंगरावर आहे, समुद्र तिथून आठ-दहा किलोमीटर. मुक्कामाचे दिवस ठरले की कालनिर्णय काढून तिथी बघा. आपल्या किनाऱ्यावर जुना हिशोब चालतो: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. साधारण सहा तासांनी ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरायचा, पण बेत आखायला हे पुरेसं आहे. चतुर्थीला गेलात तर दुपारी तीनला भरती येऊन संध्याकाळी पाणी उतरत असणार. फिरायला ओली कडक वाळू भरपूर, पोहायला वेळ वाईट. पाणी ओढत असताना कमरेच्या वर आत जायचं नाही. पोहायचंच असेल तर भरती चढत असताना, दोघांपैकी एकाने काठावर थांबून.

गाडी पुळणीवर घालू नका. वरून कडक दिसणारी वाळू चाकाखाली भुसभुशीत होते, चाक फिरवलं की आणखी रुततं, मग ट्रॅक्टर शोधा. तोवर भरती येते. त्यातून सुटलात तरी खारं पाणी खालून पत्रा खातंच. नुसतं किनाऱ्याजवळ उभी केली असेल तरी घरी आल्यावर बुडाला गोड्या पाण्याचा फवारा मारून घ्या.

जेवणाचं एक लक्षात ठेवा: तुमचा बेत रविवार-सोमवारचा आहे. घरगुती सोयीच्या बऱ्याच ठिकाणी सोमवारी मासे करत नाहीत, गुरुवारी आणि संकष्टीलाही नाही. म्हणून सुरमई, बांगडा जे काही असेल ते रविवारी रात्रीच. सोमवारी वालाचं बिरडं आणि उकडीचे मोदक सांगा. रात्रीचं जेवण दुपारी बाराच्या आत सांगायचं, मोदक आदल्या रात्री. तिथे माणशी मोजून शिजवतात. रात्री नऊनंतर पोचून "काहीही चालेल" म्हटलंत तर खरंच काही नसतं.

हर्णै बंदरावरचा संध्याकाळचा मासळीचा लिलाव बघण्यासारखा आहे, समोरच सुवर्णदुर्ग. चपला जुन्या घाला. आणि कॅमेरा घेऊन टोपल्यांच्या मधे उभं राहू नका, बायका कामात असतात.

---

मीठ_मिरची_हळद:

मी फक्त घराचं सांगते. परतल्यावरची चिडचिड ही बहुतेक निघण्याच्या आदल्या दिवशीच तयार झालेली असते.

फ्रीज दोन-तीन रात्रींसाठी बंद करू नका. बंद करायचाच तर पूर्ण रिकामा करून, पुसून, दार किंचित उघडं ठेवावं लागतं, नाहीतर बुरशी आणि वास. चालू ठेवणार असाल तर फ्रीजरमध्ये वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवा. परतल्यावर नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं तर मधे वीज बराच वेळ गेली होती असं समजा आणि फ्रीजरमधलं वाटण, मासे टाकून द्या. मळलेली कणीक मागे ठेवू नका, तीन दिवसांत काळी पडते आणि आंबते. चिरलेली कोथिंबीर, उघडी दुधाची पिशवी, अर्धा टोमॅटो, सगळं आदल्या दिवशी संपवा. दूध दोन दिवस आधी बंद सांगा. आदल्या रात्री सांगितलं की हमखास एक पिशवी दाराला लटकलेली राहते आणि तीच चोराला सांगते की घरात कोणी नाही.

निघताना: सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, गीझरचं बटण बंद, वॉशिंग मशीनचा नळ बंद (सतत दाबाखाली असलेला पाइप सुटला तर खालच्या घराचं छत भिजतं), ओला कचरा बाहेर. हे एकानेच करायचं आणि दुसऱ्याने दारात उभं राहून "गॅस बघितलास का?" असं विचारायचं नाही. त्यापेक्षा बंद केलेल्या रेग्युलेटरचा फोटो काढून ठेवा, ताम्हिणीत शंका येते तेव्हा कामी येतो.

कुंड्या: डिसेंबरात तीन दिवसांसाठी वेगळी सोय लागत नाही. निघायच्या सकाळी खालून पाणी येईपर्यंत घाला आणि कुंड्या उन्हातून भिंतीच्या सावलीला ओढा. एप्रिलात जाणार असाल तर सुती नाडी: एक टोक बादलीत तळापर्यंत, दुसरं मातीत दोन इंच खोल. बादलीतलं पाणी कुंडीतल्या मातीच्या जरासंच वर असू द्या. बादली फार उंच ठेवली तर एका रात्रीत रिकामी होते आणि तुळस कुजते.

कामाच्या मावशींना तारखा आधी सांगा आणि त्या दिवसांचे पैसे कापू नका. बदल्यात मंगळवारी संध्याकाळी यायला सांगितलंत तर त्या येतील.

आता परतीचं जेवण. मंगळवारी रात्री मुगाची खिचडी, पापड, तूप; येताना वाटेत फक्त दही घ्यायचं. बुधवारच्या दोन डब्यांसाठी जाण्याआधी मोड आलेली मटकी २०० ग्रॅम डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवा. ती आधी काढून ठेवायची नाही, तशीच फोडणीत टाकायची, नाहीतर पाणी सुटून लगदा होतो. कांदा-खोबऱ्याचं वाटण चार चमचे वेगळं गोठवा. सकाळी फक्त पोळ्या उरतात.

कपडे: समुद्रातले कपडे मुक्कामावरच गोड्या पाण्यात खळबळून पिळा आणि वेगळ्या पिशवीत आणा. वाळूचे असतील तर पूर्ण वाळवून गॅलरीत झटका. ओले, वाळूसकट मशीनमध्ये टाकले की वाळू पंपाच्या जाळीत जाऊन बसते आणि पाणी बाहेर पडणं थांबतं.

---

दोन_चाव्या:

रविवारचं डोक्यातच आलं नव्हतं. मंगळवारी किती वाजता घरी पोचावं? आणि खर्च कसा वाटून घेता तुम्ही लोक? आमचे पगार सारखे नाहीत. गाडी न नेता जाता येईल का, हेही सांगा.

---

दीड_तिकीट:

गाडीशिवाय: स्वारगेटहून दापोलीची एसटी आहे. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं भाडं, म्हणजे दोघांना मिळून दीड तिकीट. कोकण रेल्वे तुम्हाला सोयीची नाही, ती मुंबईकरांसाठी ठीक. त्यांनाही खेड स्टेशनला उतरून पुढे ३० किलोमीटरची सोय बघावी लागते, आणि खेडचं स्टेशन व एसटी स्टँड एकमेकांना लागून नाहीत. एसटीने गेलात तर मुरुडलाच राहा, केळशी-आंजर्ल्याचा मोह नको. तिकडच्या फेऱ्या मोजक्या असतात.

पैसे: "तू पेट्रोल, मी हॉटेल" ही पद्धत बंद करा, कारण शेवटी कुणाचं जास्त झालं याचा हिशोब गाडीतच सुरू होतो. पगाराच्या प्रमाणात घाला. ५०० किलोमीटर, लिटरला १५ चा ॲव्हरेज, लिटरला १०५ रुपये धरले तर पेट्रोल ३५०० रुपये. खोली २५०० धरून दोन रात्रींचे ५०००. जेवणखाण ४०००, बाकी १५००. एकूण १४,०००. चार महिने आधीपासून वेगळ्या खात्यात महिन्याला ३५०० टाका. पगार ९० आणि ६० हजार असतील तर ३:२, म्हणजे २१०० आणि १४००. सहलीत फक्त त्याच खात्याचं कार्ड वापरायचं. रोख तीन-चार हजार जवळ ठेवा, स्कॅन करायला क्यूआर असतो पण रेंज नसते.

मंगळवारी साडेतीन-चारपर्यंत घरात. म्हणजे सकाळी आठला निघायचं. शेवटच्या दिवशी "जाता जाता आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती" धरलात की रात्रीचे नऊ वाजलेच. तो सोमवारी सकाळी करा.

---

धोपाव्याची_जेट्टी:

एक राहिलं. हर्णैला सुकट-बोंबील घेणार असाल तर आधी वर्तमानपत्रात, मग दोन प्लास्टिक पिशव्यांत, मग घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, आणि डबा डिकीत. हॅचबॅकची डिकी आतूनच असते, म्हणून एसीची हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण बंद ठेवून बाहेरची हवा घ्या. कोकमाचं आगळ घेतलंत तर बाटली गळ्यापर्यंत भरलेली नको आणि आडवी ठेवू नका. आणि घेण्याआधी घरात सुकटीचा वास दोघांनाही चालतो ना, ते विचारून घ्या.