जॅकेट अंगावर आहे म्हणजे झालं असं नाही
वर दोघातिघांनी लिहिलंय की लाइफ जॅकेट घातलं की बोटीत काळजी नाही. जॅकेट हवंच, त्यात वादच नाही, पण ते मापाचं नसेल तर मुलांच्या बाबतीत भलतंच होतं. आम्ही बडोद्याचे, १८ जानेवारी २०२४ ला हरणी तलावात सहलीला आलेली १२ मुलं आणि २ शिक्षिका बोट उलटून गेल्या, त्यानंतर आमच्या दांडिया बाजारात कित्येक दिवस दुसरा विषयच नव्हता. पुढे एकदा सहलीत सहा वर्षांच्या भाचीला बोटवाल्याने मोठ्यांचं जॅकेट चढवलं, पट्टे आवळले, झालं म्हणाला. मी तिला हात वर करायला सांगितले आणि खांद्याजवळ धरून जॅकेट वर ओढलं तर ते थेट तिच्या कानांपर्यंत आलं, हनुवटी आत गायब! पाण्यात जॅकेट असंच वर येतं आणि पोर खालून निसटतं. लहान मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा असतो तो याचसाठी, तो लावायलाच हवा. त्या दिवशी तिच्या मापाचं मिळेना म्हणून आम्ही बसलोच नाही, पोरगी रडली खूप, पण रडू दे.

अजून एक, बोटीत जॅकेटची उशी करून बसू नका हो, कोणी बसलं तर उठवा. आतला फोम दाबून दाबून चपटा होतो आणि मग ते तेवढं तरंगवत नाही. घालायच्या आधी हाताने चाचपून बघा, चिवड्याच्या रिकाम्या पिशवीसारखं लागलं तर दुसरं मागा.