मदत हवी आहे: स्विफ्टमध्ये नवीन म्युझिक सिस्टिम बसवायची आहे, यावेळी विम्यात धरून

नमस्कार मंडळी,

राहणार अनगोळ, बेळगाव. गाडी स्विफ्ट एलएक्सआय, केए-२२, चौथं वर्ष संपत आलंय. एलएक्सआयला कंपनीची म्युझिक सिस्टिम येत नाही, डॅशबोर्डला नुसती झाकलेली खाच असते. गाडी घेतली त्याच वर्षी त्या खाचेत मी सात इंची सेट बसवला होता. तो यंदा श्रावणात चोरीला गेला. आता दुसरा घ्यायचाय आणि मागचा गाढवपणा परत करायचा नाही, म्हणून हा धागा.

गाढवपणा काय तो सांगतो, म्हणजे उत्तर द्यायला सोपं जाईल. रात्रभर पाऊस, गाडी गल्लीत उभी. सकाळी दूध घ्यायला गेलेली आई दारातूनच ओरडली, "अरे काय झोपूलाईस, गाडीची काच फोडून गेल्यात बघ!" जाऊन बघतो तर सीटवर काचेचा चुरा, खाचेतून वायरी लोंबकळतायत आणि सेटभोवतीची प्लास्टिकची चौकट शेजारच्या सीटवर व्यवस्थित काढून ठेवलेली. वायरींचा जोड, म्हणजे कपलर, ओढून तोडला नव्हता, खटका दाबून काढला होता. बसवणाऱ्यानंसुद्धा एवढ्या निगुतीनं काम केलं नव्हतं.

तक्रार द्यायला गेलो. तिथं ती कन्नडमध्ये लिहून घेतली. मला कन्नड बोलायला अडचण नाही, पण वाचताना ओळीवर बोट ठेवावं लागतं आणि मागे माणसं उभी होती. सही करून आलो. आठवड्याने शेजारच्या मास्तरांनी वाचून दाखवलं तेव्हा कळलं की त्यात फक्त काच फुटल्याचं लिहिलंय, सेटचा उल्लेखच नाही. अर्थात उल्लेख असता तरी फार फरक पडला नसता. सेट पॉलिसीत कधी दाखवलाच नव्हता, आणि बिल म्हणून माझ्याकडे होती दुकानाची कच्ची चिठ्ठी.

मग निदान काच तरी मिळू दे म्हणून क्लेम केला. काच मजुरीसकट २,६०० रुपये, त्यातले १,००० सक्तीच्या वजावटीत, म्हणजे दर क्लेममध्ये आपण सोसायच्या रकमेत गेले, हातात आले १,६००. खूश होतो. गेल्या आठवड्यात नूतनीकरणाचा आकडा आला. क्लेम नसता तर यंदा ४५ टक्के एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट (नो क्लेम बोनस), मिळणार होता, तो शून्य. माझा ओन डॅमेजचा (आपल्या गाडीच्या नुकसानीसाठीचा) हप्ता ५,८०० धरला तर २,६१० रुपये गेले. म्हणजे काच मला फुकट नाही, हजार रुपये जास्त देऊन पडली.

आता प्रश्न.

एक, सात इंची ब्रँडेड सेट आणि चार स्पीकर, बिलासह २४,००० सांगितलेत, बिनबिलाचे २१,०००. तेवढ्याच पैशात नऊ इंची अँड्रॉइड सेट मिळतोय, २ जीबी रॅमचा. मुलांना अर्थातच मोठा हवाय. मला फोन जोडून नकाशा दिसला आणि आकाशवाणी नीट लागली की पुरे.

दोन, पॉलिसी संपायला सव्वा महिना आहे. सेट आत्ता बसवून मध्येच नोंदवू की नूतनीकरणापर्यंत थांबू?

तीन, कोल्हापूरचा मेव्हणा म्हणतोय तिकडं ये, ओळखीचं दुकान आहे. महाराष्ट्रातलं बिल इथल्या गाडीला चालतं का?

प्रतिसाद: उद्यमबागवाला

गाडीच्या वायरिंगचंच काम करतो, म्हणून तेवढंच सांगतो. दुकान कुठलंही असू दे, कंपनीची वायर सोलून टेप गुंडाळायला देऊ नका. तुमच्या मॉडेलचा कपलर मिळतो तो मागा, चार-पाचशे जास्त गेले तरी. वायर कापली की पुढे वायरिंगची वॉरंटी मागायला तोंड राहत नाही.

दुसरं, सेटची पिवळी वायर बॅटरीच्या कायम लाइनला आणि तांबडी चावीच्या लाइनला जायला हवी. घाईत दोन्ही एकत्र बांधतात, मग चार दिवस गावाला जाऊन आलं की बॅटरी बसलेली. बसवून झाल्यावर चावी काढून बघा, पडदा लगेच गेला पाहिजे. हँडब्रेकची वायर मात्र सगळेच परस्पर गाडीच्या बॉडीला जोडून (अर्थ करून) टाकतात, म्हणजे चालत्या गाडीत व्हिडिओ दिसतो. "तसं करू नका" म्हणून आधीच सांगा, नाहीतर ते मेहरबानी म्हणून करून देतात.

नऊ इंची स्वस्त अँड्रॉइडबद्दल माझं मत वाईट आहे. दोन उन्हाळे काढल्यावर टच अडकायला लागतो, रेडिओ तर पहिल्यापासून खरखरतो. फोनवर चालणारा सात इंची घ्या. नकाशा फोनचाच असतो, फोन बदलला की तोही नवा.

प्रतिसाद: निपाणीकर

बिनबिलाचे ३,००० वाचवायचे आणि वर विमा मागायचा, हे दोन्ही जमायचं नाही ओ! कोल्हापूरचं पक्कं बिल चालतं, जीएसटी क्रमांक असला म्हणजे झालं. पण जाऊन-येऊन टोल, पेट्रोल आणि मेव्हण्याच्या घरचं जेवण धरलं तर बेळगावातच बसवा. काही बिघडलं तर तासभरात दुकानात जाता येतं. मी कोल्हापुरात बसवलाय आणि मागचा एक स्पीकर सहा महिने मुका आहे. जाणं होईना.

प्रतिसाद: विमावाली, खानापूर

सतरा वर्षं एजन्सी करते, तेव्हा थोडं मोठं लिहिते.

गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली किंमत, कंपनीच्या यादीतल्या किमतीवरून निघते. त्या किमतीत जे नव्हतं, म्हणजे तुमचा सेट, तो वेगळा दाखवावा लागतो. पॉलिसीत 'इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज' असा रकाना असतो. तुमची मागची पॉलिसी काढा, तिथं शून्य दिसेल. जुन्या टॅरिफमध्ये, म्हणजे विम्याच्या ठरलेल्या दरपत्रकात, याला आयएमटी २४ हे कलम म्हणतात आणि दर होता किमतीच्या ४ टक्के. तोच दर लावला तर २४,००० वर ९६०, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण १,१३३ रुपये. हे आपल्या गाडीचं नुकसान धरणाऱ्या (पॅकेज) पॉलिसीत होतं. नुसती थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीपुरती) घेतली असेल तर गाडीच झाकलेली नसते, सेट कुठला!

सव्वा महिन्यासाठी मध्येच एंडोर्समेंट (चालू पॉलिसीत बदलाची नोंद) करता येते, उरलेल्या दिवसांपुरताच हप्ता लागतो. पण त्यासाठी कागद, फोटो, कधी गाडीची तपासणी. मी असते तर सेट नूतनीकरणाच्या आठवड्यातच घेतला असता.

लोक इथंच फसतात: सेट आपोआप बंद पडला, पडदा गेला, आवाज गेला तर विमा देत नाही. विद्युत बिघाड पॉलिसीत स्पष्ट वगळलेला आहे, तिथं दुकानाची वॉरंटीच कामाला येते. अपघातात फुटला, आगीत गेला, चोरीला गेला तर मिळतो, घसारा आणि वजावट कापून. आणि दर नूतनीकरणाला सेटची किंमत उतरवून लिहायची. चार वर्षांनी कुणी २४,००० देत नाही.

काचेच्या क्लेमबद्दल बोलत नाही, तुम्हाला कळलंच आहे. लहान क्लेमआधी एजंटला एक फोन करावा माणसानं.

प्रतिसाद: उद्यमबागवाला

ताईंच्या बोलण्यात भर. बिलावर सेटचा सिरीयल नंबर लिहून घ्या. खोक्यावरचं स्टिकर आणि सेटच्या पाठीवरचा नंबर, दोन्हीचा फोटो बसवायच्या आधीच काढा. एकदा खाचेत गेला की पाठ दिसत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. ठरलं असं: बेळगावातच, सात इंची, कपलरसह, पक्कं बिल. नूतनीकरणाच्या आदल्या दिवशी बसवणार.

विमावाली ताई, एक शंका राहिली. आता एनसीबी शून्यच आहे. म्हणजे पुढच्या वर्षात सेट गेला आणि क्लेम केला तर गमावण्यासारखं फार उरत नाही, बरोबर ना?

प्रतिसाद: विमावाली, खानापूर

बरोबर. पुढच्या वर्षी मिळणारे पहिले २० टक्के तेवढे जातील. तुमच्या हप्त्यावर ते १,१६० रुपये. २४,००० च्या सेटसाठी तो क्लेम करायचाच. पण तक्रार देताना मास्तरांना सोबत न्या, आणि सेटचं नाव व नंबर लिहिल्याशिवाय सही करू नका.

मूळ प्रश्नकर्ता

मास्तरांना आत्ताच विचारलं. म्हणाले, "येतो की, पण आधी चोरी होऊ दे."