टारफुल्याला ज्वारी स्वतःच का बोलावते?

एकांनी विचारलंय, की ज्वारी आपल्याच वैऱ्याला, म्हणजे तिच्या मुळांवर जगणाऱ्या टारफुला या तणाच्या बियाला, जागं करणारं रसायन मुळांतून सोडतेच कशाला? मला वाटतं, ती बोलावते मित्राला, ऐकतो मात्र टारफुला.

हे रसायन म्हणजे स्ट्रायगोलॅक्टोन. जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) कमी पडलं की मुळं ते जास्त सोडतात. तो मित्र म्हणजे मुळांच्या सोबतीनं राहणारी मायकोरायझा बुरशी; तिला त्याची चाहूल लागली की तिचे तंतू फांद्या फोडत मुळांकडे येतात आणि झाडाला स्फुरद पुरवतात. हे 2005 साली कळलं. 2008 मध्ये आणखी उलगडलं, की हेच रसायन झाडाच्या आत संप्रेरक (हार्मोन) म्हणून काम करतं, बाजूच्या फांद्या फुटू देत नाही. म्हणजे अन्न कमी असताना वरचा पसारा आवरायचा आणि खाली मदत मागायची. केवढी शहाणी व्यवस्था आहे ही!

आपल्या नागपूरकडच्या लोकांना जवळची गोष्ट म्हणजे स्ट्रायगोलॅक्टोन गटातलं पहिलं रसायन, स्ट्रायगोल, 1966 मध्ये चक्क पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) मुळांतून मिळालं. पऱ्हाटीवर टारफुला जगत नाही! बी उगवतं, धरायला योग्य मूळ सापडत नाही आणि काही दिवसांत मरतं. म्हणून ज्वारीच्या वावरात पऱ्हाटीचा फेरपालट उपयोगी पडतो.

काटोलकडे काकांच्या वावरात मी टारफुल्याचं एक रोप मातीसकट उकरलं होतं. वर इवलं पांढरं फूल, खाली त्याचं मूळ ज्वारीच्या मुळाला घट्ट चिकटलेलं. त्याचं बी धुळीसारखं बारीक असतं आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतं, त्यामुळे फुलावर यायच्या आधीच उपटा.